तीव्र नैराश्याची औषधे : त्रास आधी, गुण नंतर

नैराश्यावरील औषधांसंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण त्यातील कोंडी अनेक घरांत सारखीच असते. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माननीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते शेती बघत होते, पण गेल्या चार महिन्यांत त्यांनी शेताकडे पाऊलही टाकलेले नाही. पहाटे तीनला उठून बसतात, अर्धी भाकरीही संपवत नाहीत, अंघोळीसाठी आईला तीन-तीनदा सांगावे लागते आणि वजन खूप उतरले आहे. ‘माझ्यावर पैसा घालवू नका, मी तुमच्या डोक्यावरचा भार आहे,’ असे म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र नैराश्य असल्याचे सांगून एस्सिटालोप्रॅम ही गोळी सकाळी आणि क्लोनाझेपाम ही लहान गोळी रात्री सुरू केली. पण मळमळ वाढली, अस्वस्थपणा आला, एका रात्री ते खोलीत नुसते येरझाऱ्या घालत होते. म्हणून सहाव्या दिवशी आम्हीच गोळ्या बंद केल्या. माझे चुलते म्हणतात की या गोळ्यांनी मेंदू बधिर होतो आणि त्या जन्मभर सुटत नाहीत. अण्णांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघेदुखीसाठी ते मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्याही आणतात. औषध द्यावे की नाही? फायदा किती आणि तोटा किती, हे कसे ठरवायचे?

उत्तर : आधी ‘भार’ या शब्दाविषयी. वडिलांच्या तोंडी हा शब्द आला आहे, तेव्हा औषधाचा निर्णय होईपर्यंतही थांबू नका आणि त्यांच्याशी आजच बोला. ‘अण्णा, जगणे नकोसे वाटते का? जीवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे सरळ, शांतपणे विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. पुढचे काही आठवडे त्यांना एकटे ठेवू नका. शेतीची कीटकनाशके घरात किंवा गोठ्यात असतील तर ती आजच दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात द्या. सगळ्या गोळ्या आईजवळ किंवा तुमच्याजवळ राहू द्या आणि रोजची गोळी हातात द्या. रात्री-अपरात्री धीर खचला तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे. जीवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, या प्रश्नाला अण्णांनी ‘हो’ असे उत्तर दिले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. औषध द्यावे की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेत औषध द्यावे. सौम्य नैराश्यात मी इतक्या ठामपणे असे लिहिले नसते, कारण तेथे समुपदेशन, नियमित व्यायाम आणि काही आठवड्यांची वाट पाहणे यांनीही बराच फरक पडतो आणि औषध व साखरेची गोळी (चाचणीत तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी) यांच्या परिणामांत फारसे अंतर दिसत नाही. आजार जसजसा तीव्र होत जातो, तसतसे हे अंतर वाढते. अन्न तुटलेले, पहाटेची झोप गेलेली, हालचाल मंदावलेली आणि मनात अपराधीपणा दाटलेला, अशा माणसाला नुसते ‘मन रमवा, देवळात जाऊन बसा’ असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने चालायला लावणे होय.

फायदा किती, तेही सांगतो, कारण औषधाची बाजू घेताना ती फुगवून सांगितली की पुढे विश्वास तुटतो. नैराश्यविरोधी औषधांवरील सर्वांत मोठा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. सर्वच्या सर्व २१ औषधे साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता. ढोबळमानाने असे समजा की सहा ते आठ आठवड्यांत साखरेच्या गोळीवर शंभरातील वीस ते चाळीस जणांना बरे वाटू लागते, तर औषधावर चाळीस ते साठ जणांना. म्हणजे काहीजण औषधाविनाही सावरतात, काहींना पहिल्या औषधाचा गुण येत नाही, आणि मधल्या साधारण वीस जणांच्या गटाला औषधामुळेच फरक पडतो. अण्णा कोणत्या गटात बसतील हे आधी सांगणारी रक्ताची किंवा स्कॅनची तपासणी अजून उपलब्ध नाही. औषध नीट देऊन पाहणे एवढाच मार्ग उरतो.

आणि ‘नीट’ या शब्दातच तुमच्या घरातल्या कोंडीचे मूळ आहे. या औषधांचा त्रास पहिल्या आठवड्यात होतो आणि गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात, उतारवयात थोडे अधिकही. तुम्ही सहाव्या दिवशी हिशेब मांडलात, तेव्हा खर्चाची बाजू पूर्ण भरलेली होती आणि जमेची बाजू कोरी होती. त्या दिवशी कोणीही हिशेब मांडला असता तरी औषध तोट्याचेच ठरले असते. मळमळ, पातळ शौचास होणे, डोके जड होणे, घाम येणे, झोप चाळवणे हे त्रास बहुतेकांमध्ये एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी जेवणानंतर घेतली आणि सुरुवात निम्म्या डोसने केली, तर पोटाचा त्रास बराच कमी होतो.

मात्र सगळेच त्रास ‘सोसा, जातील’ या सदरात मोडत नाहीत. खोलीत रात्रभर येरझाऱ्या घालायला लावणारी अस्वस्थता ही मळमळीच्या रांगेत बसवू नये. ती नैराश्याचा भाग असू शकते, औषधाने आलेली असू शकते, आणि दोन्ही शक्यतांत ती डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवी, कारण आतून तगमग होत असलेल्या माणसाचा स्वतःवरील ताबा सुटण्याचा धोका वाढतो. डॉक्टर अशा वेळी डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा थोड्या दिवसांसाठी शांत करणारी गोळी जोडतात.

दुसरा धोका अण्णांच्या वयाशी आणि त्यांच्या इतर गोळ्यांशी जोडलेला आहे. एस्सिटालोप्रॅमच्या वर्गातील औषधांमुळे ज्येष्ठांच्या रक्तातील सोडियम या क्षाराचे प्रमाण उतरू शकते आणि हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच घडते. रक्तदाबाच्या, दोन औषधे एकत्र असलेल्या अनेक गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध असते. ते चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. तेव्हा रक्तदाबाच्या गोळीची स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा आणि औषध सुरू करण्यापूर्वी एकदा व नंतर दोन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोडियमची तपासणी करावी का, हे विचारा. ही तपासणी साधी आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होते. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, दिवसा गुंगी येणे ही सोडियम उतरल्याची लक्षणे असू शकतात; ती दिसली तर ‘वय झाले’ किंवा ‘नैराश्य वाढले’ असे समजून घरी थांबू नका. तिसरी गोष्ट गुडघ्यांच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांसोबत हे औषध घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या या गोळ्या थांबवून पॅरासिटामॉलवर भागते का, ते पाहावे. आणि हृदयाच्या लयीचा काही जुना विकार असेल तर एस्सिटालोप्रॅमपूर्वी ईसीजी काढणे शहाणपणाचे असते. या एकाही कारणासाठी उपचार टाळावा लागत नाही. औषध कोणते आणि डोस किती, याची निवड मात्र त्यावर अवलंबून असते. मिरटाझापिन या औषधाने भूक व झोप वाढते आणि सोडियमचा धोका तुलनेने कमी असतो, म्हणून वजन उतरलेल्या आणि पहाटे जागणाऱ्या वृद्ध रुग्णात आम्ही अनेकदा त्याचा विचार करतो. एरवी तरुण रुग्णाला नकोसा वाटणारा वजनवाढीचा दुष्परिणाम येथे उपयोगी पडतो.

चुलत्यांच्या दोन्ही शंकांना उत्तर द्यायला हवे, कारण त्या त्यांच्या एकट्याच्या नाहीत. ‘मेंदू बधिर होतो’ यात थोडे तथ्य आहे : काही रुग्ण सांगतात की दुःखाबरोबर आनंदाचीही धार बोथट झाली. असे झाले तर डोस कमी करून किंवा औषध बदलून बहुधा मार्ग निघतो. पण जो माणूस आज नातवाकडेही पाहत नाही, त्याचे मन आजारानेच गोठवलेले आहे, हे विसरू नये. ‘जन्मभर सुटत नाहीत’ हे विधान मात्र दोन वेगळ्या औषधांची गल्लत करते. सवय लागण्याची खरी भीती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलॅम या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांची आहे. वाढते प्रमाण लागत जाणे, गोळीसाठी जीव कासावीस होणे हे त्यांच्यात घडते, आणि ज्येष्ठांमध्ये त्यांच्यामुळे पडण्याचा व हाड मोडण्याचाही धोका असतो. म्हणून ती रात्रीची लहान गोळी किती दिवसांची आहे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. एस्सिटालोप्रॅमने अशी तलफ लागत नाही, पण ती एकदम बंद केल्यास त्रास होऊ शकतो. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन कमी होणे, हे सोपे स्पष्टीकरण तुम्हीही ऐकले असेल. ते आता पुरेसे मानले जात नाही. २०२२ मधील एका मोठ्या आढाव्याने त्याला ठोस आधार सापडत नसल्याचे म्हटले, तेव्हा ‘मग गोळ्या खोट्या’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे, कारण नैराश्यावरील पहिली औषधे सिद्धांतातून आलेलीच नव्हती. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनायझिड हे औषध दिले जात असताना काहींची मरगळ गेलेली, भूक वाढलेली दिसली आणि तेथून नैराश्यावरील औषधांचा शोध सुरू झाला. गुण आधी दिसला, कारणांचा शोध नंतर सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. रुग्णाने औषध घ्यावे की नाही, हे चाचण्यांत दिसलेल्या परिणामावर ठरवावे.

तुम्ही करावयाची एक गोष्ट सांगतो. डॉक्टरांना भेटून औषध पुन्हा सुरू झाले की त्याच वेळी दोन तारखा ठरवून घ्या : दोन आठवड्यांनंतरची, त्रास आणि सोडियम पाहण्यासाठी, आणि सहा आठवड्यांनंतरची, गुण पाहण्यासाठी. एक वही करा. त्यात रोज रात्री दोन ओळी लिहा : झोप किती वाजेपर्यंत लागली, भाकरी किती खाल्ली, अंघोळ आपणहून केली का, काय त्रास झाला. ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला अण्णा ‘नाही’च म्हणतील, कारण या आजारात माणसाला स्वतःतील सुधारणा सर्वांत शेवटी जाणवते. झोप आणि भूक आधी सुधारतात, मनाला उभारी मागाहून येते. वहीत पहाटेचे तीन जाऊन पाच आले असतील, तर जमेची बाजू भरू लागली असे समजा.

सहा आठवड्यांनी, पुरेसा डोस असूनही, काहीच हालले नाही तर दुसरे औषध घ्यावे लागते किंवा पहिल्याला जोड द्यावी लागते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, पहिल्या औषधावर पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते. म्हणून पहिल्या गोळीने गुण न येणे हा अपशकुन मानू नये. त्याआधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासलेले असावे, कारण यांतील बिघाड नैराश्याचे सोंग घेऊन येतो. अण्णांना पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना दिवसचे दिवस काम करण्याचे, वारेमाप खर्चाचे दिवस आले होते का, तेही आठवून सांगा. तसे असेल तर आजार द्विध्रुवी (आलटून-पालटून नैराश्य आणि अतिउत्साह आणणारा) असू शकतो आणि नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने तो उलट्या टोकाला जाण्याची भीती असते.

अन्नपाणी सुटले, ‘माझे आतडे सडले’, ‘माझ्यामुळे घर बुडाले’ असे भ्रम सुरू झाले किंवा जीवाला धोका वाटला, तर डॉक्टर विद्युत-उपचार, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात तो, सुचवतील. त्याला घाबरून रुग्णाला घरी नेऊ नका. उतारवयातील अतितीव्र नैराश्यात हा सर्वांत परिणामकारक आणि लवकर गुण देणारा उपचार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मनाई आहे. त्याचा मुख्य तोटा स्मरणशक्तीचा : उपचाराच्या आसपासच्या काळातील काही आठवणी पुसट होतात, बहुतेकांच्या हळूहळू परततात, काहींच्या परतत नाहीत. हा तोटा रुग्णाला आणि घरच्यांना आधी सांगितला गेला पाहिजे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. दुसऱ्यांदा आलेल्या तीव्र नैराश्यासाठी दहा महिने पॅरॉक्सेटिन घेत आहे आणि आता पूर्ण बरी आहे. मात्र शरीरसंबंधाची इच्छा जवळजवळ संपली आहे. हे डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. मागे माहेरी गेले असताना गोळ्या विसरल्या, तेव्हा दोन दिवसांत चक्कर, चिडचिड आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झाले. म्हणजे मला व्यसनच लागले ना? आता हे औषध बंद करावे का?

उत्तर : व्यसन लागलेले नाही. शरीर औषधाला सरावले होते आणि ते अचानक काढून घेतल्याची ती प्रतिक्रिया होती. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून त्याच्या बाबतीत हा त्रास अधिक दिसतो. त्याच वर्गातील फ्लुऑक्सेटिन हे औषध कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून तेथे कमी. तुम्ही लिहिलेला त्रास खरा आहे आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून तो झटकणाऱ्यांचे ऐकू नका.

कामेच्छा कमी होणे हा या वर्गातील औषधांचा फार सामान्य आणि फार कमी बोलला जाणारा दुष्परिणाम आहे. आमच्याकडे बायका तो सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मग एक दिवस रुग्ण गुपचूप गोळी सोडतो आणि आजार उलटला की सगळेच चकित होतात. क्वचित काहींमध्ये हा त्रास औषध थांबल्यानंतरही टिकतो. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालण्यास सांगितले आहे. त्यामुळे ‘सहन करा’ असे मी म्हणणार नाही. तोंडाने सांगणे जड जात असेल तर एका चिठ्ठीवर दोन वाक्ये लिहून ती डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांच्यापुढे बरेच मार्ग आहेत : डोस कमी करणे, ब्युप्रोपिऑन किंवा मिरटाझापिनकडे वळणे.

औषध पूर्ण बंद करण्याची मात्र घाई नको. पहिल्याच खेपेचा आजार असता, तर बरे वाटू लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने औषध घेऊन ते उतरवता आले असते. तुमची ही दुसरी खेप आहे आणि ती तीव्र होती, त्यामुळे मुदत साधारण दोन वर्षांकडे झुकते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ जणांवरील एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचे नैराश्य वर्षभरात उलटले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषध हा पूर्ण विमा नाही, आणि बंद केलेल्या शंभरातील चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले. तुमच्या मागच्या दोन आजारांत काय घडले होते, कामावरची व घरची स्थिती आज कशी आहे, गर्भधारणेचा विचार आहे का, यांवर निर्णय ठरेल. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आताच सांगा, कारण पहिल्या तीन महिन्यांत पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात. बंद करायचे ठरले तर डोस आठवड्यांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने उतरवा. शेवटचे टप्पे सर्वांत लहान ठेवावेत, कारण कमी डोसवर थोडीशी घटही मेंदूला मोठी वाटते. गोळी एक दिवसाआड घेणे हा उपाय पॅरॉक्सेटिनसाठी वाईट आहे. तुम्ही माहेरी जे अनुभवलेत, तेच त्यात पुन्हा पुन्हा घडते.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला तीव्र नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन लिहून दिले आहे. औषधाच्या माहितीपत्रकात ‘आत्महत्येचे विचार वाढू शकतात’ असे वाचले आणि माझा हात गोळीपाशीच थांबला. काय करू?

उत्तर : आई म्हणून तुमचा हात थांबणे स्वाभाविक आहे. ती सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये बंधनकारक केली आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली. तिच्यामागील आकडा असा : मुलांवरील २४ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के मुलांमध्ये असे विचार किंवा तसे वर्तन दिसले. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नाही. म्हणजे धोका खरा आहे आणि लहान आहे. उपचाराविना राहिलेल्या तीव्र नैराश्याचा धोका मात्र लहान नाही.

किशोरवयीन मुलांसाठी फ्लुऑक्सेटिनचा आधार इतर औषधांपेक्षा भक्कम आहे. अमेरिकेत ४३९ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी औषध व बोधात्मक वर्तन-उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, संवादातून होणारा उपचार) एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुले सुधारली, नुसत्या औषधावर ६१ टक्के, नुसत्या वर्तन-उपचारावर ४३ टक्के आणि साखरेच्या गोळीवर ३५ टक्के. आत्महत्येचे विचारही एकत्र उपचारातच सर्वाधिक कमी झाले. तेव्हा गोळी द्या, पण एकट्या गोळीवर समाधान मानू नका. मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसोपचारकर्त्याची वेळ याच आठवड्यात घ्या. पहिले चार आठवडे डॉक्टरांची भेट दर आठवड्याला हवी, आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यानंतरही तशीच. नव्याने आलेली चिडचिड, अजिबात झोप न लागणे, एका जागी बसवेनासे होणे, वस्तू मैत्रिणींना वाटून टाकणे, यांतील काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. गोळ्यांचा डबा तुमच्याजवळ ठेवा. आणि माहितीपत्रकातील ती ओळ मुलीपासून लपवू नका. तिच्यासोबत बसून ती वाचा आणि ‘असे काही मनात आले तर मध्यरात्रीही मला उठव’ एवढे तिला सांगा.